नेमणूक हा प्रसाद नव्हे

देवळात पुजारी प्रसाद देतो तेव्हा आपण उजवा हात पुढे करतो, त्याखाली डावा धरतो, आणि हातावर जे पडेल ते कपाळाला लावून तोंडात टाकतो. मला अर्धाच पेढा का, शेजारच्याला दोन का, असे तिथे कोणी विचारीत नाही. विचारलेच तर तो माणूस नास्तिकाहूनही वाईट समजला जातो. प्रसादापुरती ही रीत उत्तमच आहे. परंतु आपल्या मराठी मध्यमवर्गाने हीच रीत नोकरीला, आणि त्यातही शिकवण्याच्या नोकरीला, लावून टाकली आहे. त्यापायी आपल्या हुशार मुलामुलींचे, आणि त्यांच्याकडून शिकणाऱ्या पुढच्या पिढीचेही, अतोनात नुकसान होत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा मोडता मोडता, हा कडू विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण विषय दिवाळीतलाच आहे. कसा ते सांगतो.

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते, आणि पुढच्या वर्षी लागणाऱ्या अध्यापकांच्या जाहिराती बहुतेक आदल्या वर्षीच्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या महिन्यांत निघतात. म्हणजे आपल्याकडे आकाशकंदील लागतात त्याच सुमारास तिकडे अर्ज रवाना होत असतात. ज्यांची लेक किंवा लेक-जावई तिकडे पीएच. डी. संपवीत आहेत, अशा पुण्या-नाशकातल्या, नागपूर-पणजीतल्या घरी पाडव्याच्या दिवशी जो फोन येतो, त्यात फराळाच्या चौकशीमागे हीच काळजी असते. डिसेंबर-जानेवारीत पहिली मुलाखत होते. पूर्वी ती एखाद्या परिषदेच्या गावी हॉटेलात होत असे, आता बहुधा संगणकाच्या पडद्यावर होते. मग जानेवारी ते मार्चमध्ये प्रत्यक्ष विद्यापीठात बोलावणे येते. आणि ते पार पडले तर एके दिवशी नेमणुकीचा प्रस्ताव येतो. तो आल्याचे कळताच इकडून आईवडील, काका आणि मामा जे एकमुखाने सांगतात, त्याविरुद्ध हा लेख आहे. सगळ्यांना ते वाक्य पाठ आहे: "अगं, आधी हो म्हणून टाक! लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाऊ नये."

मी म्हणतो, अवश्य जावे. पण ते नंतर. आधी ही लक्ष्मी कोणत्या वाटेने दारापर्यंत येते ते पाहू.

एका जागेसाठी शंभर-दोनशे अर्ज यावेत यात तिकडे काही नवल नाही. त्यांतून दहा-बारा जणांशी बोलणे होते, आणि त्यांतले साधारण तीन जण एकामागून एक बोलावले जातात. विमानाचे भाडे आणि राहण्याचा खर्च विद्यापीठ सोसते. काही ठिकाणी उमेदवाराला आधी पदरचे घालून मागाहून परत घ्यावे लागतात, म्हणून हा प्रश्न निघण्यापूर्वीच विचारून ठेवावा. ही भेट चांगली दीड-दोन दिवसांची असते. सकाळी न्याहारीला विभागप्रमुख, मग अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेका अध्यापकाची खोली, दुपारी विद्यार्थ्यांबरोबर जेवण, मग आपल्या संशोधनावर पाऊण तासाचे व्याख्यान आणि त्यावर प्रश्नांचा भडिमार. बऱ्याच ठिकाणी खऱ्या विद्यार्थ्यांपुढे एक तास शिकवून दाखवावा लागतो. विज्ञानाच्या विभागांत तर पुष्कळदा फळा आणि खडू देऊन, येत्या पाच वर्षांत काय करणार ते सांगा, असे म्हणून उभे करतात. मध्येच डीनची भेट असते. रात्री हॉटेलात जेवण, आणि त्या जेवणातही माणूस जोखला जातच असतो.

हे वर्णन वाचकांना ओळखीचे वाटले असेल. हा सरळसरळ कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. इथेही गाणे येते का विचारतात, इथेही चालून दाखवावे लागते, आणि 'कळवतो' म्हणून निघून गेलेले लोक इथेही पुष्कळदा कळवीत नाहीत. पण कांदेपोह्यांची चाल आपल्या घरांतूनच किती बदलली ते आठवा. आपल्या आज्यांनी जमिनीकडे बघत पोह्यांच्या बशा दिल्या. त्यांना पाहायला मंडळी आली होती, पण त्यांना स्वतःला काही पाहायचे आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. आज त्याच घरातली नात समोरच्या मुलाला चार प्रश्न धीटपणे विचारते: घरकाम कोण करणार, माझी नोकरी चालू राहणार का, कर्ज किती आहे. आणि आईवडील कौतुकाने म्हणतात, विचारलेच पाहिजे, जन्माचा प्रश्न आहे! मग हीच मुलगी विद्यापीठाच्या दारात गेली की तिने आजीसारखी मान खाली का घालावी? तिथेही जन्माचाच प्रश्न आहे. जिथे नेमणूक होईल त्या गावात, त्या सहकाऱ्यांत, त्या विद्यार्थ्यांत तिची उमेदीची सहा-सात वर्षे, आणि कदाचित सगळा जन्म, जायचा आहे.

म्हणून दोन दिवसांच्या त्या भेटीत उमेदवारानेही पाहायला शिकले पाहिजे. विभागातले तरुण अध्यापक मोकळेपणी बोलतात, की ज्येष्ठांकडे बघून वाक्य अर्धे सोडतात? दुपारी तीन वाजता खोल्यांची दारे उघडी असतात की बंद? ग्रंथालयात आपल्या विषयाची नियतकालिके येतात का? ज्या प्रयोगशाळेत काम करायचे ती खरोखर रिकामी आहे, की तिच्यात कोणाचे सामान वीस वर्षे पडून आहे? विद्यार्थ्यांना विचारावे, तुम्हांला इथे सर्वांत अडचण कसली होते? ते खरे सांगतात, कारण त्यांना कोणाची बढती सांभाळायची नसते. आणि विभागप्रमुखाला सभ्यपणे, पण थेट, विचारावे की गेल्या दहा वर्षांत इथे नव्याने आलेल्यांपैकी किती जण कायम झाले आणि किती जण निघून गेले. या प्रश्नाचे उत्तर देताना समोरचा माणूस किती वेळ थांबतो, तेही लक्षात ठेवावे. पगाराचा विषय मात्र या दोन दिवसांत आपण काढू नये. त्याची वेळ पुढे आहे.

उलट बाजूने, त्यांनीही काही गोष्टी विचारू नयेत अशी रीत आहे. लग्न झाले का, मुले होणार आहेत का, धर्म कोणता, हे प्रश्न तिथे निवडीच्या कामात बसत नाहीत, आणि शहाण्या समित्यांना तशी ताकीद दिलेली असते. तरीही रात्रीच्या जेवणात कोणी लाघवीपणाने विचारतोच, "यजमान काय करतात?" आपल्याला ते आपुलकीचे वाटते, कारण आपल्याकडे रेल्वेच्या डब्यातला अनोळखी प्रवासीही हे विचारतो. पण तिथे हसून विषय बदलण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तो वापरला म्हणून कोणी उद्धट ठरत नाही.

आता प्रस्तावाकडे येऊ. बहुधा फोन येतो, विभागप्रमुखाचा किंवा डीनचा. आवाज आनंदी असतो, आपलाही असतो. या क्षणी तीनच वाक्ये बोलावीत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो: फार आनंद झाला, सगळे लेखी पाठवावे, विचार करायला अवधी द्यावा. यात कसला अपमान आहे? अमेरिकेतल्या प्राध्यापकांची संघटना १९१५ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष जॉन ड्यूई, म्हणजे कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांना शिकवणारे तेच ड्यूई. या संघटनेने कॉलेजांच्या संघटनेबरोबर १९४० साली जी तत्त्वे मांडली, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की नेमणुकीच्या नेमक्या अटी लेखी असाव्यात, आणि नेमणूक पक्की होण्यापूर्वी त्या दोन्ही पक्षांच्या हाती असाव्यात. परीक्षेचा काळ सात वर्षांहून अधिक असू नये, हेही त्यांतच आहे. पुढे उमेदवाराला उत्तरासाठी निदान दोन आठवडे मिळावेत, असेही त्याच संघटनेने सुचवले. म्हणजे अवधी मागणे हा आपला आगाऊपणा नाही. ती तिथली घरंदाज रीत आहे. जो डीन "उद्या सकाळपर्यंत सांगा" म्हणतो, तो रीत मोडतो.

या दोन आठवड्यांत काय मागावे? पगार हा पहिला विषय, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. तिकडे पुढची वाढ बहुधा आधीच्या पगारावर टक्क्यांनी मिळते, त्यामुळे पहिला आकडा माणसाची आयुष्यभर सोबत करतो. समजा, दोन मैत्रिणी एकाच दिवशी रुजू झाल्या, आणि एकीने विचारून तीन हजार डॉलर जास्त घेतले. दोघींना दर वर्षी तीन टक्के वाढ मिळाली, तर तीस वर्षांत त्या एका प्रश्नाची किंमत १ लाख ४२ हजार डॉलरांवर जाते. 'कशाला तोंड वाईट करा' असे म्हणणाऱ्या मामांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

आणि प्रश्न केवळ पगाराचा नसतो. जीवशास्त्राच्या तरुण अध्यापिकेला सूक्ष्मदर्शक, शीतकपाट आणि एक मदतनीस पहिल्या वर्षी मिळाला नाही, तर सहाव्या वर्षी तिच्या कामाचा निवाडा करताना कोणी म्हणणार नाही की बिचारीकडे यंत्र नव्हते. निबंध किती छापले एवढेच मोजले जाईल, आणि निकाल विरुद्ध गेला तर सामान बांधावे लागेल. म्हणून प्रयोगशाळेच्या सुरुवातीचा निधी, पहिल्या वर्षी शिकवण्याचे तास कमी, घर हलवण्याचा खर्च, जोडीदाराच्या नोकरीची सोय, हे सारे आधी बोलून घ्यायचे असते. परदेशी नागरिकाला आणखी एक गोष्ट विचारावीच लागते: व्हिसा. विद्यापीठांना एच-१बीच्या वार्षिक मर्यादेतून २००० सालच्या कायद्याने सूट दिली. पण सप्टेंबर २०२५ मधल्या फर्मानाने अमेरिकेबाहेरून नव्याने येणाऱ्यांच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लादले, त्यामुळे आपण त्या वेळी कुठे आहोत आणि अर्ज कोण, केव्हा करणार, हा प्रश्न एका रात्रीत महाग झाला. वर्गात शिकवणाऱ्यांसाठी ग्रीन कार्डाची एक सवलतीची वाट आहे, पण तीत निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत अर्ज पडावा लागतो. विद्यापीठ तो अर्ज करील का, हे आज लेखी न विचारणाऱ्याला दोन वर्षांनी कोणाच्या दारात उभे राहायचे?

इथे आपल्या घरातून तीन आक्षेप येतात. तिघांचाही समाचार घेणे जरूर आहे.

पहिला आक्षेप असा की हे सारे हावरटपणाचे आहे, आणि मुलीच्या जातीला तर मुळीच शोभत नाही. हा आक्षेप किती महाग पडतो, ते लिंडा बॅबकॉक आणि सारा लाशेव्हर यांनी २००३ साली एका पुस्तकात दाखवून दिले. कार्नेगी मेलन विद्यापीठातून मास्टर्स होऊन पहिली नोकरी धरलेल्यांत ५७ टक्के मुलांनी पगाराबद्दल अधिक मागणी केली होती; मुलींत तसे करणाऱ्या अवघ्या ७ टक्के होत्या. मुलांचा सुरुवातीचा पगार सरासरीने जवळजवळ चार हजार डॉलर जास्त निघाला. म्हणजे 'मुलीने मागू नये' ही शिकवण केवळ आपल्या माजघरातली नाही. ती तिकडेही आहे, आणि तिकडेही तिची वसुली मुलींकडूनच होते. मागणाऱ्या बाईला लोक मागणाऱ्या पुरुषापेक्षा कडक तोलतात, हेही बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे २००७ साली दाखवले. तेव्हा मागताना कारण सांगावे, कामाशी जोडून सांगावे, गोड बोलावे. पण मागावे.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे: मागितले आणि त्यांनी दिलेलेही काढून घेतले तर? ही भीती अगदीच पोकळ नाही. २०१४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान कॉलेजने तत्त्वज्ञानाच्या एका उमेदवार बाईंना जागा देऊ केली. बाईंनी पत्राने पाच गोष्टी विचारल्या: पगार ६५ हजार डॉलर, बाळंतपणासाठी एका सत्राची रजा, कायम होण्यापूर्वी एक अभ्यासरजा, पहिली तीन वर्षे दर वर्षी तीनहून अधिक नवे विषय नकोत, आणि रुजू होण्यास एक वर्षाची मुदत. यांतल्या काही मागण्या इतरांपेक्षा सोप्या आहेत, हे मला ठाऊक आहे, असेही त्यांनी लिहिले. कॉलेजने एकाही मागणीवर चर्चा न करता प्रस्तावच मागे घेतला. ही गोष्ट त्या वर्षी अमेरिकाभर गाजली, आणि ती गाजली याचे कारणच ती नेहमीची नव्हती. नेहमी काय होते? डीन म्हणतो, हे देतो, हे जमणार नाही. एवढेच. यातून घेण्याचा धडा असा की पाच गोष्टींची यादी एका पत्रात पाठवण्याऐवजी आधी फोनवर अंदाज घ्यावा, आणि आपल्याला खरोखर हव्या त्या दोन गोष्टी निवडाव्यात. पण जे कॉलेज बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न ऐकून दार लावून घेते, तिथे त्या बाई गेल्या असत्या तर पुढे काय झाले असते, याचाही विचार करा. दार उघडण्यापूर्वीच माणूस कळला, यात नुकसान कोणाचे?

याहून मोठा धोका वेगळाच आहे, आणि तो मागणाऱ्यांना नव्हे, विश्वास टाकणाऱ्यांना होतो. स्टीव्हन सलाइटा यांना इलिनॉय विद्यापीठाकडून ऑक्टोबर २०१३ मध्ये नेमणुकीचे पत्र मिळाले. त्यांनी ते स्वीकारले आणि व्हर्जिनियातली कायम नोकरी सोडली. पत्रात विश्वस्त मंडळाच्या मंजुरीची अट होती, आणि ती मंजुरी नेहमी आपोआपच मिळे. पण २०१४ च्या उन्हाळ्यात त्यांनी गाझाच्या युद्धावर समाजमाध्यमांत केलेल्या लिखाणावरून वादळ उठले, आणि सप्टेंबरमध्ये मंडळाने आठ विरुद्ध एक मतांनी नेमणूक फेटाळली. प्रकरण कोर्टात गेले, २०१५ मध्ये विद्यापीठाने ८ लाख ७५ हजार डॉलर देऊन ते मिटवले. पैसे मिळाले, पण जागा गेली ती गेलीच. तेव्हा पत्रातली शेवटची ओळ वाचल्यावाचून आणि शेवटची सही झाल्यावाचून आधीच्या जागेचा राजीनामा देऊ नये. 'हो म्हणून टाक' म्हणणाऱ्या घाईला यापेक्षा मोठे उत्तर नको.

हे सारे सांगताना उमेदवाराच्या अंगावरची जबाबदारीही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकांगी ठरेन. करार म्हटला की तो दोघांना बांधतो. जिथे जायचेच नाही तिथला प्रस्ताव नुसता भाव वाढवण्यासाठी मुठीत धरून बसू नये. तिसऱ्या क्रमांकाचा कोणी एक उमेदवार त्या नकाराची वाट बघत रात्री जागत असतो. आणि एकदा लेखी होकार दिल्यावर दुसरीकडून जास्त आले म्हणून उठून जाऊ नये. पान वाढल्यावर उठणे आपल्याकडेही अशुभ मानतात.

तिसरा आक्षेप सर्वांत आदरणीय आहे, आणि म्हणून सर्वांत घातक आहे. आपल्याकडे असे म्हणतात की शिक्षक पैशाचे बोलत नसतो. आमच्या थोर पुरुषांनी काय मागितले होते? डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली, दुसऱ्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. आगरकर आणि गोखले यांच्यासारख्यांनी दरमहा ७५ रुपयांवर वीस-वीस वर्षे शिकवण्याची शपथ घेतली. त्या त्यागापुढे माझेही मस्तक नम्र होते. पण जे संस्थाचालक आज तो त्याग तरुणांच्या तोंडावर फेकतात, ते एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतात. ते आजीव सभासद कोणाचे नोकर नव्हते. संस्था त्यांचीच होती. पगार किती घ्यायचा, कोणाला घ्यायचे, काय शिकवायचे, हे तेच एकत्र बसून ठरवीत. इतकेच नव्हे, तर त्या अटींवरून ते कडाकडा भांडतही. १८९० साली लोकमान्य टिळक सोसायटीतून बाहेर पडले, त्या वादाच्या मुळाशी आजीव सभासदांनी बाहेरची कमाई करावी की नाही हाही प्रश्न होता. ज्यांनी आपल्या सेवेच्या अटींवरून राजीनामे दिले, त्यांची नावे घेऊन आज अटी विचारणाऱ्या तरुणाला गप्प बसवायचे, हा कुठला न्याय? मालकाने स्वतःच्या घरासाठी उपास करणे हा त्याग आहे. दुसऱ्याला उपाशी ठेवून त्याला त्यागाचे प्रवचन देणे याला मराठीत दुसरा शब्द आहे, तो मी सणासुदीला लिहीत नाही.

आणि आता आपल्याच अंगणात येऊ, कारण प्रसादाची ही वृत्ती परदेशात जाणाऱ्या मूठभरांचे जितके नुकसान करते, त्याच्या शतपट इथे राहणाऱ्यांचे करते. निवड समितीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे. रात्रभर एस. टी.ने प्रवास करून, स्टँडवर तोंड धुऊन आलेला उमेदवार व्हरांड्यात चार तास बसतो. आत त्याला आठ-दहा मिनिटे मिळतात. एक प्रश्न प्रबंधाचा, एक अभ्यासक्रमाचा, आणि मग अध्यक्ष विचारतात, "गाव कोणते? वडील काय करतात?" जो माणूस पुढची तीस वर्षे वर्गात उभा राहणार, त्याला एकदाही वर्गात उभे करून पाहत नाहीत. स्वयंपाकाला बाई ठेवताना आपण तिच्या हातची एक पोळी खाऊन बघतो!

कोणी म्हणेल, नियमच तसे आहेत. नियम तसे नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत मुलाखतीच्या वेळी प्रत्यक्ष वर्गातल्या व्याख्यानाने उमेदवाराची शिकवण्याची कुवत तपासता येईल असे म्हटले आहे, आणि गुणांची वाटणीही पूर्वीच्या कामाला ५०, विषयज्ञान व अध्यापनकौशल्याला ३० आणि मुलाखतीला केवळ २० अशी केली होती. २०१८ साली ही वाटणी गेली. जुने गुण केवळ मुलाखतीला बोलावण्यापुरते, आणि निवड केवळ मुलाखतीवर, असे ठरले. म्हणजे त्या आठ मिनिटांच्या हातात सगळा जन्म आला. बंद खोलीतल्या आठ मिनिटांवर जिथे तीस वर्षे अवलंबून असतात, तिथे त्या मिनिटांचा भाव ठरवणारे दलाल निर्माण होतात. अनुदानित जागांचे 'दर' गावोगावच्या कट्ट्यांवर कसे बोलले जातात, हे मी सांगायला नको. ज्या बापाने शेत विकून ते पैसे भरले, त्यानेही ते देवाला नवस फेडावा तसेच भरले. प्रसाद म्हटला की दक्षिणा आलीच.

आणि ज्याला ती जागा मिळत नाही तो तासिका तत्त्वावर शिकवतो. नेट झालेला, सेट झालेला, पीएच. डी. झालेला माणूस तासावर पैसे घेतो, सुट्टी लागली की ते बंद होतात, आणि जूनमध्ये पुन्हा त्याच दारात पहिल्या दिवसासारखा उभा राहतो. त्याला अटी विचारण्याचा उपदेश करण्याइतका मी निर्दय नाही. तो एकटा विचारू शकत नाही. ते काम तुमचेआमचे, पालकांचे आणि नागरिकांचे आहे. अमेरिकेतही सगळे आलबेल आहे असे नाही. तिथे दोन तृतीयांशांहून अधिक अध्यापक कायम होण्याच्या वाटेवर नाहीतच, आणि त्यांतल्या पुष्कळांची स्थिती आपल्या तासिकावाल्यांहून फार वेगळी नाही. पण जी थोडी माणसे निवडायची, ती निवडताना दोन दिवस त्यांच्याबरोबर काढावेत, त्यांना शिकवताना पाहावे, आणि अटी कागदावर द्याव्यात, एवढी चांगली चाल तिथून उचलायला आपल्याला कोणाची परवानगी लागते?

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक कॉलेजने शेवटच्या तीन-चार उमेदवारांना एक पूर्ण दिवस बोलावावे, आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च द्यावा. प्रत्येकाने खऱ्या वर्गावर एक तास घ्यावा, त्या वर्गात समितीने मागच्या बाकावर बसावे, आणि विद्यार्थ्यांचे मत लिहून घ्यावे. उमेदवाराला ग्रंथालय आणि प्रयोगशाळा दाखवावी, सहकाऱ्यांशी एकट्याने बोलू द्यावे. निवड झालेल्याला पगार, तास, काम आणि रजा यांचा कागद द्यावा, आणि तो वाचायला दोन आठवडे द्यावेत. याला फारसे पैसे लागत नाहीत. ज्याला उघड्या वर्गात, साठ मुलांसमोर, निवड करायची आहे, त्याला बंद खोलीतला सौदा करणे मात्र जड जाते. म्हणूनच या मागणीला विरोध होईल, आणि तो कोठून होतो ते वाचकांनी लक्षपूर्वक पाहावे. आपल्या मुलाच्या कॉलेजात प्रवेशाच्या दिवशी आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो. त्याच दिवशी हेही विचारा: तुमच्या शिक्षकांना नेमण्यापूर्वी कोणी शिकवताना पाहिले होते का?

आणि घरी फोन येईल तेव्हा, वाचकहो, एवढे करा. पलीकडून लेक म्हणेल, "आई, त्यांनी जागा देऊ केली आहे, पण मी दोन आठवडे मागून घेतले आहेत." तेव्हा पोटात गोळा आला तरी आवाजात येऊ देऊ नका. तिला म्हणा, "बरे केलेस गं. नीट वाच, आणि काय हवे ते विचार." टिळा लावायला आलेली लक्ष्मी खरी असेल तर ती दोन आठवडे ओसरीवर बसते. तोवर आपल्या मुलीने खुशाल तोंड धुऊन यावे, आणि टिळा धुतलेल्या कपाळावर, मान वर करून लावून घ्यावा.